ऐकणाऱ्याचं नाव

१४ नोव्हेंबर २०२२, सोमवार
संध्याकाळचे सात वाजून चाळीस मिनिटं. खिडकीला पडदा म्हणून आईची जुनी निळी साडी बांधत होतो, तेवढ्यात आठवलं की आजपासून रोजनिशी लिहायची ठरवलं आहे. अर्धी साडी बांधून तशीच सोडली आणि लिहायला बसलो.

मी नवा रायपूरला पोचलो. गोंदियाहून गाडी वेळेवर आली, स्टेशनबाहेर बस लगेच मिळाली, बसमध्ये खिडकीही मिळाली. तीन गोष्टी एका दिवसात नीट झाल्या. इथले रस्ते पाहून हसू आलं. सहा पदरी रस्ता आणि त्यावर एक सायकलवाला, तोही मधोमध, जसा काही रस्ता त्याच्या एकट्यासाठीच बांधला आहे.

खोली सेक्टर सत्तावीसमध्ये आहे. घरमालक अनंतराव, नागपूरचे, रेल्वेत गार्ड होते. बायको मुलीकडे पुण्याला असते, म्हणून मागची खोली भाड्याने दिली. मी बॅग खाली ठेवायच्या आत त्यांनी विचारलं, चहा पेतो का, साखर किती, आणि रात्री रेडिओ लावत नाहीस ना. मी म्हटलं माझ्याकडे रेडिओच नाही. ते म्हणाले, मग माहा घेऊन जा, पण लावू नको. असा माणूस आहे.

उद्यापासून नोकरी. माझी पदविका बाबा गेले तेव्हा दुसऱ्या वर्षाला सुटली, त्यामुळे संगणकाची नोकरी मिळेल असं वाटलं नव्हतं. मुलाखतीत सचिनभैयांनी (ते माझे साहेब) दोनच गोष्टी विचारल्या. हिंदी येते का, आणि लिहिणं साफ आहे का. मी त्यांना माझी वही दाखवली. त्यांनी दोन पानं उलटली आणि म्हणाले, "हे तर छापल्यासारखं आहे बे."

आईला फोन केला. तिने जेवलास का हे चार वेळा विचारलं. अर्चनाताई (माझी थोरली बहीण, तिरोड्याला असते) तिच्याकडेच आली होती. दोघी एकाच वेळी बोलत होत्या. फोन ठेवल्यावर खोली फार शांत वाटली.

१५ नोव्हेंबर, मंगळवार
काम कळलं. स्वतःला समजावं म्हणून लिहून ठेवतो.

रायपूरजवळच्या उरला आणि सिलतरा या औद्योगिक वसाहतींतल्या कारखान्यांत आमच्या कंपनीचं सॉफ्टवेअर चालतं. मजुरांची हजेरी, पगार, विमा, सगळं त्यात. ते दिवसभर बाहेरच्या संगणकांना आपोआप निरोप पाठवत असतं. बँकेला, विमा कंपनीला, रुग्णालयाला. या देवाणघेवाणीला इथे एपीआय म्हणतात. बहुतेक निरोप जातात. जे जात नाहीत ते लाल होऊन माझ्या पडद्यावर येतात. ते का गेले नाहीत हे शोधायचं, हे माझं काम.

सचिनभैयांनी चार प्रश्न शिकवले. पत्ता सापडतो का? दार उघडतं का? ओळखपत्र चालतं का? उत्तर येतं का? याच क्रमाने विचारायचे, एकही गाळायचा नाही. मला हे फार आवडलं.

आणि आजच एक दोष सापडला! सिलतऱ्याच्या एका कारखान्याचे सगळे निरोप बँक सकाळपासून परत पाठवत होती. पत्ता बरोबर, दार उघडं, ओळखपत्र चालू. शेवटी पाहिलं तर तिथल्या संगणकाचं घड्याळ अकरा मिनिटं मागे होतं. बँकेला वाटत होतं की कोणी शिळे निरोप पाठवतो आहे. घड्याळ लावून घेतलं, सव्वीस निरोप सरसर हिरवे झाले. सचिनभैया सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "वा बे पोट्ट्या, पहिल्याच दिवशी घड्याळ धरलं!" सगळे म्हणजे क्षमा आणि मी. तिसऱ्या मजल्यावर चाळीस खुर्च्या आहेत आणि आम्ही तिघं. बाकीची माणसं येणार आहेत, असं दोन वर्षांपासून म्हणतात.

क्षमा माझ्या शेजारी बसते. घरचे अमरावतीचे, पण ती इथेच वाढली. मी मराठीत बोलतो, ती हिंदीत उत्तर देते, आणि माझ्याहून दोन वर्षांनी मोठी असून मला भैया म्हणते.

आणखी एक नियम आहे. तीनदा पाठवूनही निरोप गेला नाही तर पलीकडच्या कचेरीला फोन करायचा, निरोप मोठ्याने वाचून दाखवायचा, ऐकणाऱ्याचं नाव विचारायचं. ते नाव रजिस्टरमध्ये आणि संगणकात लिहायचं आणि "पोचला" असं बटण दाबायचं. सहा वाजता लाल यादी शून्य पाहिजे. नाही झाली तर कारखाने त्या महिन्याच्या बिलातून पैसे कापतात.

१७ नोव्हेंबर, गुरुवार
माझ्याआधी या खुर्चीवर चारुदत्त नावाचा माणूस होता. एक दिवस आला नाही, मग आलाच नाही. रजिस्टर त्याच्याच हातचं आहे. आज यादी लवकर शून्य झाली म्हणून चाळत बसलो. "ऐकणाऱ्याचं नाव" या रकान्यात पहिल्या काही पानांवर वेगवेगळी नावं आहेत. मार्चपासून पुढे एकच. कलावती. बँकेत कलावती, विमा कंपनीत कलावती, तीन वेगळ्या रुग्णालयांत कलावती. मी मोजलं. दोनशे चौदा वेळा.

सचिनभैयांना विचारलं, ही बाई कोण. ते म्हणाले, "अबे, मतदार यादी आहे का ते? काहून मोजून राहिला?" मग समजावून सांगितलं. पलीकडे फोन कोणी उचलत नाही. सहा वाजायला आले की कोणतंही नाव टाकायचं आणि बटण दाबायचं. कोणी तपासत नाही. क्षमा हसून म्हणाली, "उधर कोई फ़ोन उठाने वाला होता तो कंप्यूटर भी उठाता न, भैया."

मीही हसलो. पण मला ते बरं वाटलं नाही. दोनशे चौदा निरोप कोणीतरी कोणालातरी पाठवले होते.

२१ नोव्हेंबर, सोमवार
आज मी एक चूक केली. लिहूनच ठेवतो.

दुपारी उरल्याहून एक निरोप लाल झाला. रोलिंग मिलमधला मजूर, तुळशीराम, वय एक्केचाळीस. तापलेली सळई पायांवर आली. शहरातल्या खाजगी रुग्णालयात आहे. शस्त्रक्रियेसाठी विमा कंपनीची मंजुरी हवी, ती मागणारा हा निरोप. पहिला प्रश्न: पत्ता सापडतो. दुसरा: दार उघडत नाही. तीस सेकंद वाट पाहून परत. तीनदा पाठवला, तीनदा तसाच. फोन लावला. नुसता वाजतो. मी आठ वेळा लावला.

पाच वाजून छप्पन मिनिटांनी सचिनभैया मागे येऊन उभे राहिले. ते रागावले नाहीत. नुसते उभे राहिले आणि घड्याळाकडे पाहत म्हणाले की यादीत एकच लाल आहे, आणि एकासाठी पूर्ण महिन्याचं बिल कापलं जाईल, आणि माझा पगार त्याच बिलातून होतो.

मी रजिस्टरमध्ये कलावती लिहिलं. संगणकातही. बटण दाबलं.

यादी शून्य झाली. सचिनभैयांनी समोसे मागवले. मी दोन खाल्ले. घरी चालत आलो, वाटेत एक माणूस भेटला नाही.

२२ नोव्हेंबर, मंगळवार
सकाळी नऊला, कोणी यायच्या आधी, विमा कंपनीचा तोच नंबर लावला. वाटलं, काल वाचून दाखवता आलं नाही ते आज दाखवू, म्हणजे निदान खोटं राहणार नाही.

पहिल्याच घंटीला उचलला. बाई होती. आवाज शांत, फार जवळचा, जशी शेजारच्या खुर्चीवर बसून बोलते आहे. इकडच्या छत्तीसगढीत म्हणाली, "हव, बोल भैया. सुनत हंव." म्हणजे हो, ऐकते आहे. मी तुळशीरामचा निरोप पूर्ण वाचला. ती मध्ये एकदाही बोलली नाही. शेवटी फक्त "हव" म्हणाली. मी नाव विचारलं.

कलावती.

मला इतका आनंद झाला! म्हणजे चारुदत्त खोटं लिहीत नव्हता. अशी बाई आहे. क्षमा आल्याआल्या तिला सांगितलं. तिने डबा टेबलावर ठेवला आणि माझ्याकडे पाहत राहिली. म्हणाली, "मज़ाक मत करो, भैया. वो नाम तो मैंने दिया था." मार्चमध्ये चारुदत्तने पहिल्यांदा विचारलं होतं की काय लिहू, तेव्हा तिच्या तोंडात आलं ते नाव तिने सांगितलं. कलावती नावाच्या कोणालाही ती ओळखत नाही.

योगायोग असेल. इथे ते नाव पुष्कळ बायकांचं असतं.

२४ नोव्हेंबर, गुरुवार
काल एका बँकेचा निरोप अडकला. नंबर लावला. "हव, बोल भैया." आज सकाळी एका रुग्णालयाचा. तोच आवाज. दुपारी दुसऱ्या बँकेचा, नंबर रायपूरचाही नव्हता. तोच आवाज, तेच "हव".

मी दर वेळी पूर्ण वाचतो. ती पूर्ण ऐकते. मी नाव विचारायचं सोडून दिलं आहे, पण लिहितो, कारण तीच ऐकते, खोटं कसं म्हणू. सचिनभैया खूश आहेत. यादी चार वाजताच शून्य असते.

तुळशीरामच्या निरोपाला मात्र अजून उत्तर नाही. ती ऐकते आणि त्यापुढे काही होत नाही.

म्हणून मी खरा दोष शोधत बसलो. सापडला. विमा कंपनीने दोन आठवड्यांपूर्वी आपला संगणक नव्या पत्त्यावर नेला. आमच्याकडे बाहेर जायची जी फाटक-यादी आहे, म्हणजे कोणकोणत्या पत्त्यांवर जाऊ द्यायचं त्याची यादी, तिच्यात जुनाच पत्ता आहे. आमचा निरोप आमच्याच फाटकातून बाहेर पडत नाही. एक ओळ बदलायची आहे, बस्स. पण ती ओळ फक्त मुख्य कचेरी बदलू शकते. मी त्यांना सविस्तर पत्र लिहिलं, सगळे आकडे देऊन. दोनदा वाचून पाठवलं.

२५ नोव्हेंबर, शुक्रवार
मुख्य कचेरीचं उत्तर आलं. तुमच्या शाखेत या महिन्यात न पोचलेल्या निरोपांची संख्या शून्य आहे, त्यामुळे बदलाची गरज दिसत नाही.

शून्य मीच केलं आहे.

सचिनभैयांना म्हटलं, तुळशीरामचा निरोप पुन्हा लाल करू द्या. ते म्हणाले, "मग मार्चपासूनचे सगळे लाल होतील. तू भरशील का बे दंड तुह्या पगारातून? चूप बस." मग जरा वेळाने माझ्या टेबलावर एक चॉकलेट ठेवून गेले. वाईट माणूस नाही. त्यांनाही दोन मुली आहेत.

२६ नोव्हेंबर, शनिवार
अर्धी सुट्टी होती. रुग्णालयात गेलो. तुळशीरामला पाहू दिलं नाही. त्याची बायको चौथ्या मजल्याच्या जिन्यात चटई टाकून बसली होती. मी कंपनीचा आहे म्हटल्यावर तिने चटईवर जागा करून दिली, पिशवीतलं केळं दिलं. बुधवारपर्यंत मंजुरी आली नाही तर शस्त्रक्रिया लांबेल आणि मग उजवा पाय ठेवता येणार नाही, असं डॉक्टरांनी तिला सांगितलं आहे.

मी म्हटलं, तुम्ही विमा कंपनीला फोन का करत नाही. ती म्हणाली, रोज करते, सकाळ-संध्याकाळ. तिकडे एक बाई असते. "बहुत अच्छी बाई है. पूरा सुनती है, बीच में काटती नहीं."

मी विचारलं, काय म्हणते.

ती म्हणाली, "हव कहती है."

केळं खाल्लं नाही. खिशात घेऊन आलो.

२७ नोव्हेंबर, रविवार
आईला फोन लावला. दोन घंट्या वाजल्या आणि उचलला गेला. मी म्हटलं, आई, ऐक ना, मला परत यावंसं वाटतं.

"हव," तिकडून आवाज आला. "सुनत हंव."

मी फोन ठेवला. आकडे तपासले. आईचाच नंबर. पुन्हा लावला. पुन्हा ती. मी काहीच बोललो नाही. तीही बोलली नाही, पण ऐकत होती. ऐकणं कळतं.

अनंतरावांकडे गेलो, त्यांच्या फोनवरून लावून द्या म्हटलं. ते बोलायला लागले आणि मला आईचा आवाज दुरून ऐकू आला! ती त्यांना सांगत होती की आशय दररोज फोन करतो, पण स्वतः काही बोलत नाही. तिनेच सगळं सांगायचं आणि त्याने नुसतं हव हव करायचं. "तिकडची बोली लागली वाटते माह्या पोराले, बाप्पा. आवाजही बारीक झाला. जेवत नाही का तो?" अनंतराव हसले आणि फोन माझ्या हातात दिला.

मी म्हटलं, आई.

"हव."

अनंतरावांना फोन परत दिला. त्यांनी विचारलं, झालं बोलून इतक्यात? मी मान हलवली.

मी आईला मंगळवारपासून फोन केलेला नाही.

२८ नोव्हेंबर, सोमवार
संगणकातले सगळे नियम वाचून काढले, सकाळपासून तीन वाजेपर्यंत. एकशे चाळीस पानं. एका जागी लिहिलं आहे: "पोचला" झालेला निरोप परत घेता येत नाही. फक्त ज्याने तो ऐकला, तोच तो पुढे नेऊ शकतो.

आणि ऐकणाऱ्याच्या नावाची चौकट बंद केलेली नाही. ते नाव बदलता येतं. बदलावं असं कोणाच्या मनातच आलं नसेल.

तुळशीरामच्या ओळीत कलावती खोडलं. तिथे माझं नाव लिहिलं. खोटं नाही ते. मी वाचला आहे तो निरोप, शब्द न् शब्द. रजिस्टरमध्येही बदललं.

निरोप उघडला. खाली लिहून आलं: ऐकणाऱ्याकडे शिल्लक. मी कागदावर छापून घेतला. कंपनीचा शिक्का क्षमाच्या खणात असतो. तिने शिक्का माझ्यासमोर ठेवला आणि पाणी प्यायला निघून गेली.

२९ नोव्हेंबर, मंगळवार
सुट्टी न मागता शंकर नगरला विमा कंपनीच्या कचेरीत गेलो. तिथे माणसं होती! गर्दी, धक्काबुक्की, पंखे, एका काउंटरवर चष्मेवाले नाना, ज्यांना सगळे नानाच म्हणत होते. त्यांनी कागद दोनदा वाचला आणि माझ्यावरच ओरडले, इतके दिवस कुठे झोपला होता. मला ओरडून घ्यायला फार बरं वाटलं. आमच्याकडे जो फोन नंबर आहे तो त्यांच्या जुन्या कचेरीचा. ती सहा महिने बंद आहे. तिथे कोणी बसत नाही.

साडेबारा वाजता मंजुरीचा कागद माझ्या हातात. दीडला रुग्णालयात. तुळशीरामच्या बायकोने कागद कपाळाला लावला. उद्या सकाळी शस्त्रक्रिया.

चारला कचेरीत परतलो. इथे थांबायला हवं होतं.

पण रजिस्टर उघडं होतं आणि त्या पानावर एका ओळीत माझं नाव आणि बाकी सगळीकडे तिचं. ते फार वाईट दिसत होतं. आणि मनात आलं, तुळशीरामचा एक पुढे गेला, मग बाकीच्यांनी काय केलं आहे? तेही कोणाचे तरी पाय असतील. चारुदत्तचे दोनशे चौदा आणि त्यानंतरचे माझे सोळा. दोनशे तीस ओळी. पट्टी लावून एकेक नाव खोडलं आणि वर माझं लिहिलं. संगणकातही. एकही ओळ वाकडी गेली नाही.

सहाला पाच मिनिटं असताना संपलं.

३० नोव्हेंबर, बुधवार
क्षमाने सांगितलं, शस्त्रक्रिया झाली. पाय वाचले. दोन्ही.

नऊ वाजल्यापासून माझ्या टेबलावरचा फोन वाजतो आहे. पहिला आवाज एका म्हाताऱ्याचा. मार्च महिन्याचा निरोप. सिलतऱ्याच्या कारखान्यात मुलगा वारला, विम्याचे पैसे आले नाहीत, कोणाला विचारू. मी म्हटलं, बाबा, तुमचं नाव सांगा, मी स्वतः घेऊन जातो. त्यांना ऐकू गेलं नाही. ते बोलत राहिले. संपलं तेव्हा मी फोन ठेवायच्या आत दुसरा सुरू झाला. बाई. बाळंतपणाचे पैसे. मग एक हजेरीचा. मग एक —

मी सगळे लिहून घेतो आहे. आज एकोणचाळीस झाले. मध्ये थांबता येत नाही. थांबलं की तो पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागतो.

२ डिसेंबर, शुक्रवार
क्षमाला म्हणायचं होतं की जरा हा फोन धर, मला पाणी हवं.

तोंडातून "हव" निघालं.

पुन्हा प्रयत्न केला. आई म्हणून पाहिलं. क्षमा म्हणून पाहिलं. स्वतःचं नाव घेऊन पाहिलं. एकच निघतं.

क्षमाने माझ्या खुर्चीकडे पाहिलं. म्हणजे खुर्चीच्या पाठीकडे. मग तिथे आपली शाल अडकवली.

ती माझ्या खांद्यावर आहे. गरम लागते.

५ डिसेंबर, सोमवार
सचिनभैया फोनवर कोणाला तरी सांगत होते, पोट्टा पळाला, पहिल्याचंही तसंच झालं होतं, "सांगून तरी जायचं नं बे." मी चार हातांवर बसलो आहे. हात हलवला. कागद उडाला, त्यांनी पंखा कमी केला.

एकशे बारा झाले. मधूनमधून नवे येतात. नव्यांचा आवाज जास्त घाईचा असतो.

चारुदत्तही ऐकला. सत्त्याऐंशीवा. तो कोणाला तरी हाका मारत होता, मार्च ते ऑक्टोबर, महिना —

६ डिसेंबर
पाच वाजून पन्नास. दोन लाल. क्षमा रजिस्टर घेऊन उभी. सचिनभैयांना विचारलं, कौनसा नाम लिखूँ. ते म्हणाले, आता वरपासून खालपर्यंत एकच लिहिलं आहे तर तेच लिही.

तिने लिहिलं. माझ्या इतकं जवळ वाकली होती की तेलाचा वास आला. आशय. बरोबर लिहिलं, श शहामृगाचा. मग तिची पेन्सिल थांबली आणि तिने रिकाम्या खुर्चीला हळूच "सॉरी भैया" म्हटलं.

हव, म्हटलं मी.

ती दचकली नाही. ऐकू गेलं नसावं.

तारीख नीट माहीत नाही
दोनशे तीस कधीच संपले. आता नवेच. उरला — पगार नाही. सिलतरा — डोळ्याला इजा. एक पोर नुसतं बापाचं नाव सांगतं, पुन्हा पुन्हा —

कलावती कुठे गेली असेल. सुटली असेल. तिला कोणी तरी —

दुपार. ऊन खुर्चीतून आरपार जातं
आईचा आवाज आहे.

आई बोलते आहे. स्टेशनवरून. कंपनीच्या नंबरावर लावला असेल, कोणी उचलला नसेल, म्हणून इकडे —

"भाऊ, मी आशयची आई, वनमाला. गोंदियाची. माहा पोट्टा तुमच्याकडे होता. साहेब म्हणते पळाला. तो पळणारा नाही, भाऊ. तो सांगितल्याशिवाय पाणी पीत नाही. अर्चना अन् मी तीन दिवस शोधून राहिलो. ऐकून राहिले नं तुम्ही?"

आई

आई

हव

"हव म्हणता, बरं वाटलं भाऊ. इथं कोणी पूर्ण ऐकूनच घेत नाही. आता आमच्याकडचे पैसे सरले, आज परत जातो. पोट्टा सापडला तर त्याले हिशेब सांगजा, त्याले हिशेब नीट लागते. लिहून घ्या."

लिहितो आई

गोंदिया ते रायपूर, दोन तिकिटं — १३०
स्टेशन ते नवा रायपूर, ऑटो, तीन दिवस — ९००
फोटोच्या प्रती, भिंतीला लावायला — ६०
धर्मशाळा, दोन रात्री — ४००
एकूण खर्च — १४९०

देणे, अर्चनाचे — ३०००
देणे, अनंतरावांचं खोलीभाडं, नोव्हेंबर (ते नको म्हणतात, पण द्यायचं) — १८००

"अन् येणं लिहा भाऊ. येणं एकच हाय."

येणे —